‘फुतसेक’ मित्रांत गमतीने वापरा? जोबर्गच्या (जोहान्सबर्गच्या) नवख्यांसाठीच्या यादीवर आक्षेप

सायली_जोबर्ग

दोन दिवसांपूर्वी इथे ‘दक्षिण आफ्रिकेत नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी रोजचे आफ्रिकान्स शब्द’ अशी यादी आली. (आफ्रिकान्स म्हणजे डचमधून तयार झालेली इथली भाषा.) इतकी फिरली की माझ्याकडेच वेगवेगळ्या ग्रुपांवरून परत परत येतेय. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी साध्या चुका. ‘येबो’ (हो) झुलू आहे. ‘एश’ (अरेरे) टाउनशिपमधून, म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्यांसाठी ठेवलेल्या वस्त्यांमधून आलं. ‘रोबोट’ म्हणजे सिग्नल हे बरोबर, पण तो इथल्या इंग्रजीतला शब्द, आफ्रिकान्सशी संबंध नाही. ‘जस्ट नाऊ’चा अर्थ दिलाय ‘आत्ता लगेच’. इथे प्लंबरची वाट पाहिलेल्या कुणालाही विचारा. ‘जस्ट नाऊ’ म्हणजे कधीतरी, जमेल तेव्हा. ‘नाऊ नाऊ’ म्हणजे थोड्या वेळात. दोन्ही आफ्रिकान्समधून इंग्रजीत उतरलेत आणि यादीत नेमके तेच उलटे आहेत. नवखा माणूस सिंकखाली बादली लावून, सुट्टी टाकून दिवसभर घरी बसेल.

तेवढ्यासाठी मी लिहिलं नसतं. पण यादीत ‘फुतसेक’समोर लिहिलंय: ‘चल फूट! मित्रांत गमतीने वापरा.’ मूळ वाक्य ‘चालता हो, मी सांगतोय’ अशा अर्थाचं, ते आखडून हा शब्द झाला. कुत्र्याला हाकलायला वापरतात. आणि या देशात तो गोऱ्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या नोकरांवरही वापरला.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक मराठी कुटुंब नवीन आलंय. गेटवरचे वॉचमन साठीचे आहेत, सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणतात. झुलूतही वडीलधाऱ्याला बाबाच म्हणतात. एक गाडी मागे येत होती म्हणून बाबांनी या कुटुंबातल्या मुलाची सायकल अडवली. मुलगा हसत ‘फुतसेक’ म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. गाडी जाऊ दिली, नंबर रजिस्टरमध्ये लिहिला आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. मुलाच्या वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, “अहो, ग्रुपवर आलं होतं, गमतीचा शब्द आहे.”

शब्द कोण कुणाला म्हणतं हे न सांगता नुसते अर्थ वाटत सुटू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

मिडरँडवासी

यादी मी केली. चुका असतील, पण मी आलो तेव्हा कुणी एक ओळही लिहून दिली नव्हती. फोनवर मला सांगितलं, “दुसऱ्या रोबोटला डावीकडे वळ,” आणि मी रस्त्यावर यंत्रमानव शोधत होतो. ऑफिसात ‘बकी’ म्हणजे पिकअप गाडी, ‘टॅकी’ म्हणजे कॅनव्हासचे बूट, ‘लेकर’ म्हणजे मस्त, हे एकेक विचारत शिकलो. लोकांना उपयोग होतो म्हणून लिहिलं.

आणि फुतसेकचं म्हणाल तर माझ्या टीममधली काळी, गोरी, भारतीय सगळी मुलं एकमेकांना म्हणतात आणि हसतात. तुमच्या कॉम्प्लेक्समधल्या पोराला वळण नाही, त्याचं खापर माझ्यावर का?

सायली_जोबर्ग

टीममधली मुलं बरोबरीची आहेत. बाबा त्या पोराला ‘फुतसेक’ म्हणाले असते तर त्याच संध्याकाळी नोकरी गेली असती. हा फरक तुम्हाला खरंच दिसत नाही?

जुनाजाणता

मी तर म्हणतो, अशी यादीच नको. ही भाषा शाळांवर लादली म्हणून मुलं रस्त्यावर उतरली होती. 1974 मध्ये फर्मान निघालं की काळ्या मुलांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचे, गणितासकट. 16 जून 1976 ला सोवेटोत, जोबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीत, पोलिसांनी शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या. त्यात मारल्या गेलेल्या हेक्टर पीटरसन या मुलाचं स्मारक तिथल्या ऑर्लँडो वेस्टमध्ये आहे, जाऊन या. त्यानंतर मला कुणाला ‘लेकर’ म्हणायचं धाडस झालेलं नाही.

केपची_सून

जुनाजाणता, स्मारकासमोर मीही उभी राहिले आहे. पण आफ्रिकान्स फक्त गोऱ्यांची हे कुणी सांगितलं? ही भाषा घरी बोलणाऱ्यांपैकी निम्मे लोक मिश्रवंशीय आहेत, ज्यांना इथे कलर्ड म्हणतात. केपच्या मदरशांत मुलं हीच भाषा अरबी लिपीत लिहायची. अबू बक्र एफेंदींचं धर्माचरणावरचं आफ्रिकान्स पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला अरबी लिपीत छापलं गेलं. भाषेला सरकारी मान्यता मिळाली 1925 मध्ये.

माझं सासर केप टाउनचं, कोकणी मुसलमान. पूर्वज रत्नागिरीकडून आलेले. आजेसासूबाई कोकणी बोलता बोलता मध्येच आफ्रिकान्समध्ये शिरायच्या आणि परत यायच्या. भाताचं पातेलं उतरवताना ‘बाय्या’ म्हणायच्या, म्हणजे पुष्कळ. हा शब्द मलायमधून आलाय, डचांनी तिकडून धरून आणलेल्या गुलामांचा. ‘शाम्बोक’ म्हणजे आपला चाबूकच, फारसीतून मलायमार्गे. केप टाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती, ती 1966 मध्ये गोऱ्यांसाठी राखीव केलं आणि साठेक हजार माणसांना घराबाहेर काढलं. त्यातले बहुतेक आफ्रिकान्स बोलणारे होते. त्यांच्या तोंडची भाषा त्यांच्याकडूनच काढून घ्यायची का आता?

आणि सायली, यादीतल्या ‘ओअम’ आणि ‘तानी’बद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत ते बरं झालं. ते आपल्या काका-मावशीसारखेच आहेत. वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या गोव्हन म्बेकींना लोक ‘ओअम गव’ म्हणत, ते काही गोरे नव्हते.

जुनाजाणता

मदरशांचं मान्य. तरी फर्मान काढणारे मदरशातले नव्हते.

दोन_लेकींची_आई

विषय निघालाच आहे तर विचारते. थोरलीच्या शाळेत पहिली अतिरिक्त भाषा निवडायची आहे, आफ्रिकान्स किंवा झुलू. आम्ही आफ्रिकान्स घेतोय. क्रियापद कर्त्यानुसार बदलत नाही, नामांना लिंग नाही, इंग्रजी येत असेल तर निम्मं काम झालेलं. पुढे मार्कांना मदत होते. उगाच राजकारण नको.

रानभूल

राजकारण नको म्हणून आफ्रिकान्स! ताई, गाउटेंगमध्ये, म्हणजे जोबर्गच्या आपल्या प्रांतात, घराघरांत सर्वांत जास्त बोलली जाते ती झुलू. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई, पेट्रोल भरणारा, शाळेचा ड्रायव्हर, यांच्याशी मुली बारा वर्षं इंग्रजीतच बोलणार? आपणच पुण्यात परप्रांतीयांना ‘मराठी शिका’ म्हणून सुनावतो ना?

दोन_लेकींची_आई

सुनावणारे तुम्ही असाल. मी कुणाला सुनावलेलं नाही. आणि आमच्या कामाच्या बाई झिम्बाब्वेच्या आहेत, शोना बोलतात. त्यांच्याशी झुलूत बोलू? झुलूत नामांचे डझनभर वर्ग आणि प्रत्येकाप्रमाणे अख्खं वाक्य बदलतं. शाळेत झुलूचे शिक्षक वर्षात दोनदा बदलले. तुम्ही येऊन शिकवणार का?

रानभूल

मराठीत तीन लिंगं आणि सात विभक्त्या घेऊन वाढलेल्या मुलीला नामांचे वर्ग जड जातील? माझा मुलगा शिकतोय. झुलूत c, q, x या अक्षरांनी लिहितात त्या चटकाऱ्या, म्हणजे जिभेने काढायचे ‘टक्’सारखे आवाज, त्याला काढता येतात, मला नाही. वर्गमैत्रिणीच्या आजीला ‘गोगो’ म्हणून हाक मारतो आणि ती त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही.

दोन_लेकींची_आई

आणि मार्क?

रानभूल

मार्क कमी आहेत.

दोन_लेकींची_आई

झालं तर मग. विद्यापीठाच्या प्रवेशाला गोगो येणार नाही.

केपची_सून

दोघंही थांबा. मुलगी केपला असती तर आफ्रिकान्स घेणं हा शेजारधर्म ठरला असता. जोबर्गला झुलू किंवा सोथो ही इथली दुसरी भाषा. इतकं सोपं आहे ते. मार्कांचं कारण मात्र मला पटत नाही, ताई.

मिडरँडवासी

धागा शाळेवर गेला. माझ्या यादीचं सांगतो. ‘येबो’ आणि ‘एश’ वेगळ्या रकान्यात टाकले, ‘जस्ट नाऊ’चा अर्थ बदलला. ‘फुतसेक’ काढणार नाही, कारण तो कानावर पडणारच आणि माहीत नसलेला शब्द जास्त धोक्याचा. पण समोर आता असं लिहिलंय: ‘कुत्र्याला हाकलण्याचा शब्द. ऐकून समजण्यापुरता. वापरू नये, वयाने मोठ्या माणसाला आणि नोकरीवरच्या माणसाला तर कधीच नाही.’ यावरही आक्षेप असेल तर सांगा.

सायली_जोबर्ग

या ओळीवर नाही. पण जुनी यादी अजून फिरतेय. ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही ती टाकलीत तिथे नवी टाका आणि जुनी चुकीची आहे असं स्पष्ट लिहा. त्या मुलाच्या वडिलांना मी स्वतः पाठवते. बाबांची माफी मागायला त्यांना मुलाला घेऊन जायचंय, ते अजून गेलेले नाहीत.