सल्ला हवा: पश्चिमेच्या गच्चीवरची फुलझाडं उन्हाळ्यात कशी जगवायची? (नाशिक)

गच्चीवाली
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर आमची गच्ची आहे. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. दोन जास्वंदी, चार मोगरे, तीन गुलाब, एक बोगनवेल. मार्चपर्यंत सगळं झकास होतं. आता पारा चाळिशीला टेकलाय आणि जास्वंदीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतायत. मोगऱ्याला नुसता पाला. गुलाबाच्या पानांवर तर कुणी बारीक रांगोळी भुरभुरवल्यासारखे ठिपके. मोगलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं म्हणे, आणि मला तीन गुलाब सांभाळता येईनात!
पाणी रोज संध्याकाळी देते, कुंडीखालून वाहीपर्यंत. शेजारचे काका म्हणतात, द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या काड्या पार आखूड कापणं, एप्रिलमध्येच होते, तसे गुलाबही छाटून टाका. छाटू का?

दिंडोरीकर
ताई, कात्री आधी खाली ठेवा. द्राक्षाच्या वेलीची मुळं जमिनीत खोल गेलेली, वर ठिबक चालू. तुमच्या गुलाबाकडे आहे जेमतेम फूटभर माती. आता कडक छाटणी केलीत तर उघड्या पडलेल्या काड्या करपतील आणि कोवळी फूटही तग धरणार नाही. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. सध्या फक्त सुकलेली फुलं खुडा. उन्हाळ्यात फूल लहानच येतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.
रांगोळीचं म्हणाल तर ते पान पांढऱ्या कागदावर झटका. पडलेले ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या गरम हवेत त्याची चंगळ असते. आधी तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी राहिला तर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. पण ऊन उतरल्यावरच! मी एकदा दुपारी बाराला मारलं होतं. पानं पापडासारखी भाजली.

मोगरा_आणि_मी
चारही मोगरे उन्हातच राहू द्या, कीव येऊन सावलीत नेऊ नका. त्याला ऊन लागतंच. खत काय घालता?

गच्चीवाली
शेणखत. आणि अधूनमधून चिमूटभर युरिया.

मोगरा_आणि_मी
सापडलं! युरियाने पालाच माजतो. बंद करा. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून आम्ही जानेवारीच्या शेवटी छाटतो. तुमची ती वेळ गेली, पण लांबलेले शेंडे चार बोटं खुडून बघा, नवी फूट निघेल. एक बहर संपला की परत खुडायचं.

ओटीवरची_तुळस
चहाचा चोथा घाला, आमच्याकडे गुलाब त्यावरच आहेत.

दिंडोरीकर
चोथा धुऊन, वाळवून घाला हं. साखर-दुधाचा तसाच टाकलात तर मुंग्यांची वारी लागेल, आणि मुंग्या आल्या की पिठ्या ढेकूणही फोफावतो. त्याचा ताप आम्हा द्राक्षवाल्यांना विचारा. जास्वंदीच्या खोडावर कापसासारखं पांढरं काही दिसतंय का?

गच्चीवाली
नाही. खोड, कळ्या सगळं स्वच्छ.

कुंडीतज्ज्ञ_नाही
मग मला पाण्याचाच संशय आहे. खालून पाणी वाहिलं म्हणजे माती भिजली असं नसतं. कोकोपीटवाली माती एकदा खडखडीत वाळली की आक्रसते, कडेला फट पडते, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली. मधला गोळा कोरडाच. झाडूची काडी मधोमध खोल खुपसून बघा.

गच्चीवाली
आत्ताच करून आले. वरची दोन बोटं माती ओली. काडी मात्र खालपर्यंत कोरडी, मातीचा एक कण चिकटला नाही. महिनाभर मी फटीला पाणी पाजत होते!

कुंडीतज्ज्ञ_नाही
कुंडी पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेर काढून निथळू द्या, कडेची फट मातीने बुजवा आणि वर पालापाचोळा नाहीतर नारळाच्या शेंडीचा जाड थर द्या. पाणी सकाळी, थोडं थोडं करून दोनदा. पाईपमधलं पहिलं पाणी बादलीत सोडा, ते चहाचं आधण असतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळा आणि खाली विटा घाला, स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. आणि दुपारी जास्वंद मान टाकते तेव्हा लगेच पाणी घेऊन धावू नका. संध्याकाळी सावरली तर ठीक. सकाळीही मान खाली असेल तर काडी खुपसा.

मोगरा_आणि_मी
जास्वंद आणि गुलाबावर दुपारपुरती हिरवी जाळी बांधा, पन्नास टक्के ऊन अडवणारी.

गच्चीवाली
बारा दिवसांनी सांगते. लाल कोळीच होता, धुऊन बराच कमी झालाय. जास्वंदीच्या सहा कळ्यांपैकी चार टिकल्या, काल पहिली उमलली. मोगऱ्याच्या एका फांदीवर मोहरीएवढ्या कळ्या दिसतायत, हात लावायची हिंमत होत नाही. बोगनवेलीबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही?

दिंडोरीकर
तिला काय झालंय?

गच्चीवाली
काही नाही. कोपऱ्यात असते, पाणी घालायचं राहूनच जातं. सध्या नखशिखांत गुलाबी आहे.

दिंडोरीकर
मग राहू द्या तसंच.