रेनेसान्स फेअरला सोंग घेऊन जावं का? अनुभव येऊ द्या

धागाकर्ती, शिकागोजवळून

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही ब्रिस्टल रेनेसान्स फेअरला, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचं सोंग घेतलेल्या जत्रेला चाललोय. ब्रिस्टल नावापुरतं. जत्रा भरते केनोशाला, इलिनॉयची हद्द ओलांडली की लगेच विस्कॉन्सिनात. तिथे कायम १५७४ साल चालू असतं आणि पहिली एलिझाबेथ राणी ब्रिस्टल शहराला भेट द्यायला आलेली असते.

जाणार पाच जण. नऊ वर्षांच्या लेकीला जांभळा मखमली झगा हवाय आणि पाठीला परीचे पंख. नवरा म्हणतो, "तिकिटाचे पैसे पण आपण द्यायचे आणि विदूषक पण आपणच व्हायचं?" बाबांना काहीही चालतं. सांगलीहून आलेल्या आईने एका वाक्यात विषय संपवलाय: "मी माझ्या पंजाबी ड्रेसमध्ये बरी आहे." मी मध्ये लोंबकळतेय. नुसता सल्ला नको, तो नवरा फुकट देतोय. कोण काय घालून गेलं आणि मग काय झालं, ते लिहा.

मेरीलँडहून

आमची जत्रा क्राउन्सव्हिलची, अ‍ॅनापोलिसच्या जवळ. १९७७ पासून भरते. तिथला राजा म्हणजे सहा लग्नांचा आठवा हेन्री, आणि कथा दरवर्षी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीची राणी यंदा असेलच असं नाही. (नवऱ्यांनी यातून काही शिकू नये.)

पहिली तीन वर्षं जीन्समध्ये गेलो. काही बिघडलं नाही. निम्मे लोक तसेच येतात, कोणी वळूनही बघत नाही. आणि तीच गंमत आहे, कोणी वळूनही बघत नाही! चौथ्या वर्षी बायकोने जुन्या पडद्याचा एक झगा, म्हणजे खांद्यावरून सोडायचा क्लोक, शिवून दिला. फाटकातून आत शिरून दहा पावलं गेलो नसेन, तोच एका भिकाऱ्याचं काम करणाऱ्या नटाने माझे पाय धरले. "महाराज, गेल्या हिवाळ्यात तुम्ही माझी बकरी नेलीत!" मी गप्प. माणसं जमली. शेवटी तोंडातून निघालं, "बकरी नव्हे, बोकड होता तो." पुढची पाच मिनिटं आमचा खटलाच चालला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवणारा माणूस. इतक्या लोकांसमोर मी बोललो ते त्या पडद्याच्या जोरावर.

तिथले लोक वेशाला गार्ब म्हणतात. वेश करून येणारा आणि नटांबरोबर खेळणारा प्रेक्षक म्हणजे प्लेट्रन. साध्या कपड्यातले ते मंडेन.

ह्यूस्टनहून

वरच्या पोस्टला +१, पण आमच्याकडचं हवामान वेगळं. टेक्सासची जत्रा टॉड मिशनला असते, ह्यूस्टनपासून पन्नासेक मैल, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. १९७४ पासूनची. दर शनिवार-रविवारची थीम निराळी असते, तेव्हा आधी बघून घ्या. एकदा आम्ही दरबारी थाटात पोचलो आणि सगळीकडे समुद्री चाचे.

आता माझी फजिती. ऑनलाइन मागवलेला मखमली डब्लेट, म्हणजे अंगाबरोबरचं जाकीट, आत अस्तर, वर कॉलर, खाली लोकरी होज, म्हणजे पायांना घट्ट बसणारी विजार. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, ऊन पस्तिशीला टेकलेलं. दुपारी दीडच्या सुमारास डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी लोणच्याच्या काकडीच्या गाडीपाशी मटकन खाली बसलो. गाडीवाल्या बाईंनी बरणीतलं खारं पाणी पेल्यात ओतून पाजलं. मेव्हणा अजून मला "काकडीमहाराज" म्हणतो.

तेव्हापासून सुती किंवा लिननच. मखमल कितीही राजेशाही दिसो, ती थंड देशातल्या राजांसाठी. दुसरी गोष्ट बुटांची. पोशाखावर शोभतील म्हणून नवे बूट घेऊ नका. दिवसभर माती, खडी आणि उतार तुडवायचा आहे. सवयीचे जुने बूट घाला, झग्याखाली कोण बघतंय?

बोस्टनहून, इतिहासाचा किडा

धागाकर्तीला कायदेशीर सूचना. लेकीचा जांभळा झगा अडचणीत येऊ शकतो. तुमची जत्रा ज्या १५७४ सालात भरते, त्याच साली जूनमध्ये राणीने कपड्यांबद्दलचा जाहीरनामा काढला होता. जांभळं रेशीम आणि सेबल नावाच्या प्राण्याची फर राजघराण्याने वापरायची; ड्यूक-अर्ल वगैरे उमरावांना थोडी सूट, तीही ठरावीक कपड्यांपुरती. कोणी काय ल्यायचं हे दर्जावरून ठरायचं. मखमल आहे, रेशीम नाही, हा बचाव फार टिकणार नाही, मखमलीलाही दर्जाची अट होती.

नवऱ्यालाही सोडणार नाही. १५७१ च्या कायद्याप्रमाणे सहा वर्षांवरच्या साध्या पुरुषांनी रविवारी आणि सणाला इंग्लंडात विणलेली लोकरी टोपी घालायचीच, नाहीतर दंड. लोकरीचा धंदा चालावा म्हणून केलेली सोय होती ती. तुम्ही शनिवारी जाताय म्हणून ते वाचले.

पंखांबद्दल मात्र कायद्यात काही नाही. जत्रेत परी, व्हायकिंग, चाचे, सगळे एकाच रांगेत बिअर घेत असतात, तिथे इतिहास शोधू नये. जत्रेत मिळणारी टर्कीची तंगडी तेवढी चालेल, टर्की सोळाव्या शतकात इंग्लंडला पोचली होती.

न्यू जर्सीहून

मी नऊवारी नेसून गेले होते. न्यूयॉर्क रेनेसान्स फेअर, टक्सीडो, स्टर्लिंग फॉरेस्ट. डोंगराळ जागा, झाडी, पायवाटा, आदल्या रात्रीचा पाऊस. बाकी बायकांचे घोळदार स्कर्ट चिखल झाडत चालले होते आणि मी काष्टा घालून टणाटण चढत होते. आजी ही साडी नेसून भाताची लावणी करायची. टाचेच्या वर वीतभर जागा, पाय मोकळे, ओचा म्हणजे खिसा. त्यात फोन, गाडीची किल्ली आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद आरामात मावलं. नाकात दाबाची नथ. तिने टर्की लेग खाऊ दिला नाही एवढी एकच तक्रार.

एक बाई थांबून म्हणाल्या, "किती सुंदर कॉस्च्युम!" माझं डोकंच फिरलं. आजीने जन्मभर नेसलेलं वस्त्र म्हणजे कॉस्च्युम? तोंडापर्यंत आलेलं गिळलं, कारण त्या बाई स्वतः खेडवळ इंग्रज बाईची चोळी, एप्रन आणि पांढरी टोपी घालून उभ्या होत्या. तीही कोणाच्या तरी आजीची रोजची वस्त्रं. मग आम्ही दोघी बसून नाड्या आणि निऱ्या ह्यावर अर्धा तास बोललो.

दुपारी राणीच्या लवाजम्यातल्या एका सरदाराने वाकून विचारलं, "बाईसाहेब कोणत्या राज्यातून?" मी म्हटलं, "अहमदनगर. आमची चांदबीबी मोगलांशी लढते आहे, तुमच्या राणीसाहेबांनी दारूगोळा धाडावा." पठ्ठ्या जराही अडखळला नाही. "राणीसाहेब विचार करतील, पण स्पेनने त्यांना आधीच कर्जबाजारी केलंय."

बोस्टनहून, पुन्हा किडा

चांदबीबीचा काळ अगदी बरोबर. नगरच्या किल्ल्याचा तो वेढा १५९५-९६ चा, आणि एलिझाबेथ १६०३ पर्यंत होती. फक्त चांदबीबी नऊवारी नेसत नव्हती.

न्यू जर्सीहून

मी तिची दासी होते. झालं समाधान?

एक बाप, ओहायोहून

सगळ्यांचं गोड गोड चाललंय, म्हणून एक कडू. मी नाइट होऊन गेलो होतो. प्लास्टिकच्या कड्यांचं चिलखत, लाल अंगरखा, त्यावर सिंह. कुठली जत्रा ते सांगत नाही. दिवसभरात दोघांनी मला "अलादीन" म्हणून हाक मारली, तिसऱ्याने दिवा कुठे आहे ते विचारलं. सिंह इंग्लंडचा होता हो! गोऱ्या माणसाने पंख लावले की तो परी, आणि मी चिलखत घातलं तरी अलादीन. नट मंडळी मात्र उत्तम वागली, "सर नाइट" शिवाय बोलली नाहीत. त्रास झाला तो तिकीट काढून आलेल्यांचा. तेव्हापासून मी जीन्समध्ये जातो, झाडाखाली बसून घोडेस्वारांची झुंज बघतो आणि सुखी आहे. मुलगा जातो चिलखत घालून, त्याचे मित्र बरोबर असतात.

वेश केलाच तर चौघा-पाचांनी मिळून करा. एकट्याने नको.

लॉस एंजेलिसहून

ओहायोवाले दादा, वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे या. ही सगळी भानगड सुरू झाली तीच इथे, १९६३ साली, एका रेडिओ स्टेशनसाठी निधी जमवायला. आता आमची जत्रा आयर्विंडेलला असते, वसंतात.

पैसे न घालवता वेश कसा करायचा ते सांगते. नवऱ्याची लग्नातली चुडीदार होजच्या जागी. वर सैल पांढरा कुडता, बाह्या मनगटाशी नाडीने बांधून फुगवलेल्या. त्यावर नेहरू जॅकेट, बटणं काढून पुढे काजं पाडली आणि त्यातून बुटाची नाडी ओवली. कमरेला पट्टा, पट्ट्याला लटकवलेला पितळी पेला (देवघरातला नव्हे, सासूबाईंनी विचारलंच). एकूण खर्च नाडीचा. लोकांनी विचारलं, कुठल्या कारागिराकडून घेतलंत? कारण तिथल्या दुकानांतून चामड्याची नुसती चोळी घ्यायची तरी शेकडो डॉलर जातात. काही जत्रांमध्ये दाराशी भाड्यानेही वेश मिळतात, पण सकाळी लवकर गेलात तरच बऱ्या मापाचे उरतात.

मुलांच्या लाकडी तलवारी फाटकावर बघतात. खरी पात्यांची असेल तर म्यानाला पट्टीने बांधून टाकतात, आत उपसायची नाही. सात वर्षांचा चिरंजीव त्या पट्टीवर इतका खूश, की ती अजून काढू देत नाही. पट्टी आहे म्हणजे तलवार खरी!

म्युनिकहून

आमच्या इथे उलटं. जवळच लांट्सहूटला १४७५ सालचं एक राजेशाही लग्न दर चार वर्षांनी पुन्हा लावतात, मागचं २०२३ साली झालं. दोन हजारांवर गावकरी वेशात, पुरुष त्यासाठी आधीपासून केस वाढवतात. पाहुण्यांनी आपल्या कपड्यांत यायचं, कडेला उभं राहायचं आणि वराती ओरडतात तसं ओरडायचं. मी एकदा हौसेने मध्ययुगीन टोपी घालून गेलो. कोणी काही बोललं नाही. म्हणजे अगदीच कोणी काही बोललं नाही. टोपी पिशवीत टाकली.

सध्या मुक्काम मेरीलँड, मूळ गाव मिरज, वय ७४

मुलाने धागा वाचून दाखवला, म्हणून लिहितो. मी निवृत्त शिक्षक. गेल्या सप्टेंबरात धोतर, कुडता, उपरणं आणि टोपी अशा माझ्या रोजच्या वेशात गेलो होतो. सोंग घ्यावं लागलंच नाही.

तिथे एका बाकावर जेझुइट पाद्र्याच्या झग्यातला एक मनुष्य भेटला. नट नव्हता, आपल्यासारखाच प्रेक्षक. मी त्याला फादर थॉमस स्टीफन्सची हकिगत सांगितली. एलिझाबेथच्या राज्यातला हा इंग्रज १५७९ साली गोव्याला आला, जन्मभर तिथेच राहिला आणि मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ओव्यांमध्ये. १६१६ साली ते छापलं गेलं. १५८३ साली राल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्यात पोर्तुगिजांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांतही हा होता. त्या गृहस्थाला हे ठाऊक नव्हतं. वहीत नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी मी हाच होऊन येईन, मला मराठीतलं एक वाक्य शिकवा." "मी मराठी बोलतो" हे शिकवायला वीस मिनिटं लागली. 'ठ' काही केल्या येईना.

आणि मुलींनो, सोंग घेण्याला लाजू नये. एकनाथ महाराज याच राणीच्या काळातले, १५९९ साली गेले. भारुडात जोशी, गोंधळी, वासुदेव अशी किती सोंगं त्यांनी उभी केली.

धागाकर्ती, शिकागोजवळून (जाऊन आल्यावर)

सगळ्यांचे आभार. वृत्तांत देते.

लेक जांभळ्या झग्यात, पंखांसकट. अटक झाली नाही. उलट राणीच्या मिरवणुकीतल्या एका बाईने गुडघ्यावर बसून तिला विचारलं, "परीराज्यात यंदा पाऊस कसा आहे?" तिने पाच मिनिटं हवामानाचा अहवाल दिला. नवरा टी-शर्टमध्ये. अकरा वाजता म्हणाला ऊन फार आहे, आणि टोपी घ्यायला म्हणून जो गेला तो पिसाची टोपी, चामड्याचा पट्टा आणि पेला घेऊन परत आला. विदूषकाचं सामान किती डॉलरला पडलं ते सांगत नाहीये. मी नऊवारी नेसले. ओच्यात दोन फोन, सनस्क्रीन आणि लेकीचा एक तुटलेला पंख. टक्सीडोवाल्या ताई, कोपरापासून नमस्कार.

आई पंजाबी ड्रेसमध्येच. पण फुलांच्या मुकुटांच्या दुकानापाशी जी थांबली ती हलेना. हाताळलं, उलटं करून तारा कशा पिळल्यात ते बघितलं. "पस्तीस डॉलरचा गजरा?" म्हणून पुढे गेली, पाच मिनिटांनी परत आली. शेवटी बाबांनीच घेतला. पांढरी कापडी फुलं, मागे रिबिनी. आरसा न बघता अंबाड्यावर बसवला, पिना टोचल्या, आणि दिवसभर "माय लेडी" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून दाद दिली.

येताना डाळ-तांदूळ घ्यायला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर थांबलो, तसेच. काउंटरवरच्या काकांनी टोपीतलं पीस बघितलं, नऊवारी बघितली, एका पंखाची परी बघितली आणि मेथीची जुडी पिशवीत टाकत हिंदीत विचारलं, "शादी थी क्या?"

आई म्हणाली, "हां. राणी आयी थी."