बाबांचं पाचचं चीज टोस्ट : बंद करू की चालेल?

कढीपत्ता (डोंबिवली)
सासरे ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात वरचं १५० निघालं, डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. मी पापड, लोणचं, सुकट सगळं बंद केलं आणि बाबांनी चकार शब्द काढला नाही. का ते नंतर कळलं. पाचला नातू शाळेतून आला की दोघं मिळून तव्यावर चीज टोस्ट करतात. बाबांचे दोन स्लाइस, पिल्लूचा एक. सासूबाई म्हणतात, "दुधाचंच आहे, हाडांना बरं." बाबांना दूध सोसत नाही, पोट गुडगुडतं, म्हणून कॅल्शियमसाठी मलाही ते बरंच वाटत होतं. चवीला खारटही लागत नाही. मग चालेल का? "बाहेरचं सगळं वाईट" हे उत्तर नको, ते घरात रोज फुकट मिळतं.

आमटीभात
ताई, पाकीट उलटं करा आणि सोडियम बघा. माझ्या फ्रिजमधल्यावर १०० ग्रॅमला १४०० मिग्रॅ लिहिलंय. स्लाइस २० ग्रॅमचा, म्हणजे २८०. बाबांचे दोन, ५६०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते. पाव कोटा तिथेच संपला, ब्रेड आणि खारं बटर वेगळंच.

खारट का लागत नाही? स्लाइसचं चीज म्हणजे साधं चीज वितळवून पुन्हा थापलेलं. वितळताना तूप सुटू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट, सोडियम फॉस्फेट असले क्षार घालतात. त्यांचं सोडियम जिभेला मिठासारखं कळत नाही. घटकांत ३३१, ३३९ असे आकडे दिसले तर ते हेच. बाबांची किडनी कमजोर असेल, म्हणजे रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर फॉस्फेटवालं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

सायकलवाला (उत्रेख्त, नेदरलँड्स)
दुधाचं माझंही बाबांसारखंच. इथे दुपारचं जेवण म्हणजे ब्रेड आणि चीज, आधी घाबरून खायचो. पण मुरलेल्या खाउडाने (तिकडे ज्याला गौडा चीज म्हणतात) कधी त्रास झाला नाही. चक्का टांगल्यावर पाणी गळतं ना, तसं चीज करतानाही गळतं, आणि दुधातली बरीचशी साखर त्याच्याबरोबर जाते. उरलेली जिवाणू खातात. महिनोन् महिने मुरलेल्यात ती जवळजवळ उरतच नाही.
मीठ मात्र खाउडातही भरपूर. स्विस एमेंटालमध्ये त्या मानाने पुष्कळ कमी, पण डोंबिवलीत त्याची किंमत वाचूनच बाबांचं बीपी चढेल.

जुना काउंटर
औषधाच्या दुकानात ३० वर्षं काढली म्हणून एक सांगतो. टीबीची आयसोनियाझिड किंवा डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्या चालू असतील तर मुरलेलं चीज टाळा. चीज मुरताना तयार होणाऱ्या टायरामिन नावाच्या घटकाने बीपी अचानक उसळू शकतं, डोकं ठणकतं. बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांशी याचा संबंध नाही, उगाच घाबरू नका. घरचं ताजं पनीर चालेल. त्यात मीठच घालत नाहीत. स्निग्धांश मात्र असतो, तेव्हा वडीभर घ्या, वाडगाभर नको.

कढीपत्ता
सगळ्यांचे आभार. पाकीट बाबांच्याच हातात दिलं. रेल्वेच्या अकाउंट्समध्ये जन्म गेलाय, भिंग काढून कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लोणच्याची एक फोड परवडली असती की!" आता बुधवारी आणि रविवारी एकच स्लाइस, बटर न लावता. बाकीचे दिवस पनीर किसून त्यावर मिरपूड आणि कोथिंबीर. बाबा खातात, दूधही प्यावं लागत नाही. पिल्लूने त्याला "ओला खडू" असं नाव ठेवलंय.