कोल्हापुऱ्या, झेरॉक्सा आणि एलंक्या: तुमच्याकडं काय म्हणतात?

सुरुवात मी करतो. पुण्याच्या पाहुण्यांना कोल्हापुरात महाद्वार रोडला नेलं होतं. ते म्हणाले, "कोल्हापुरी चपला दाखवा." दुकानदार आतल्या पोराला ओरडला, "आठ नंबरच्या कोल्हापुऱ्या काढ रे!" तिथंच डोक्यात किडा शिरला. 'कोल्हापुरी' विशेषण असतं तोवर हलत नाही. चप्पल एक असो वा चार. चप्पल गाळली की त्याचं नाम होतं आणि पोळीच्या पोळ्या तशा कोल्हापुऱ्या. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते 'कोल्हापुरी चप्पल' या अख्ख्या नावाला. बाजारात चप्पल कधीच गळून पडलीय. आता तुम्ही सांगा, तुमच्या भागात अशी कुठली नावं बदललीत.

राजारामपुरी: माझं झेरॉक्सचं दुकान. "आधारच्या दोन झेरॉक्सा मारा" हे दिवसभर. झेरॉक्स हे कंपनीचं नाव, हे मला मशीन घेताना कळलं. घेतलं दुसऱ्याच कंपनीचं.

शिवाजी उद्यमनगर: एलंकी, म्हणजे षटकोनी खाचेचे बोल्ट आवळायचा वाकडा पाना! पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "सहाची एलंकी आण." मी अर्धा तास शोधतोय. ॲलन हे मूळचं अमेरिकन कंपनीचं नाव, 'की' म्हणजे चावी. आमच्यात दोन्ही मिळून एकच शब्द झाला. एलंकीनं आवळ, एलंक्या मोजून ठेव. डिप्लोमावाली पोरं आठवडाभर 'ॲलन की' म्हणतात, मग सुधारतात.

कागल: गाडी स्त्रीलिंगी म्हणून लुना, बुलेट सगळ्या बायका, हे ठीक. पण राजदूत? परराष्ट्रातला राजदूत 'आला', आमच्या वडिलांची राजदूत 'पंक्चर झाली'.

मंगळवार पेठ: माझ्या माहेरी कोलगेट 'संपलं', सासरी 'संपली'. ट्यूब कुठल्याही कंपनीची असू दे. वाद मिटलेला नाही. आणि आम्ही कोल्हापूरच्या बायका स्वतःच 'मी येतो, मी जातो' म्हणणार, आम्ही काय लिंगाचा निवाडा करायचा!

कसबा बावडा: थर्मास. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं हा कंपनीचा शब्द सर्वसामान्य झाल्याचं मान्य केलं. आमच्या आजीनं त्याला न विचारताच 'थर्मासात च्या हाय' म्हणून टाकलेलं.

गडहिंग्लज: भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "फोनपे मारलासा?" मारला होता, दुसऱ्याच ॲपवरनं. मावशींच्या डब्यावरचा स्पीकर बोलला. मावशी म्हणाल्या, "आला बघा फोनपे."