जुने रिले, गेटवे आणि वेळेची गोची
गेटवे (एका प्रोटोकॉलची माहिती दुसऱ्यात बदलणारं उपकरण) बसवला की सबस्टेशनमधले जुने रिले (बिघाड ओळखून ब्रेकर ट्रिप करणारी संरक्षण उपकरणं) थेट आयईसी ६१८५० वर, म्हणजे सबस्टेशनमधल्या संवादाच्या मानकावर येतात, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. सीडीजीसारख्या फिरत्या चकतीवाल्या जुन्या रिलेला कम्युनिकेशन पोर्टच नसतो; तिथे मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (रिले चालला की बदलणारा जादाचा स्विच) शोधून (पॅनेलमध्ये तो मिळाला तर नशीब!) आरटीयूच्या (माहिती गोळा करून कंट्रोल रूमला पाठवणाऱ्या युनिटच्या) डिजिटल इनपुटला न्यावा लागतो. न्यूमरिकल (मायक्रोप्रोसेसरवाला) रिले आरएस-४८५ या सिरियल वायरिंगवर मॉडबस हा प्रोटोकॉल बोलत असेल, तर खरी गोची वेळेची. साध्या मॉडबसमध्ये टाइमस्टॅम्प (घटना कधी घडली याची नोंद) नसतो, गेटवेने वाचलं तेव्हाची वेळ चिकटते. एका लूपवर (एकाच आरएस-४८५ केबलवर) २० रिले टाकले की गेटवे ते एकामागून एक वाचतो, आणि ट्रिपिंगचा क्रम उलटसुलट दिसू शकतो. रिलेत आयईसी ६०८७०-५-१०३ या संरक्षण रिलेंसाठीच्या प्रोटोकॉलचा पर्याय असेल तर तोच घ्या, त्यात घटनेची वेळ रिले स्वतः देतो. घड्याळं मात्र सिंक हवीत. लूपच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत ना, तेही बघून घ्या.