अनुभव धागा : पायांच्या फुगलेल्या शिरा – कशावरून कळलं, पुढे काय केलंत?

पायातलं रक्त पोटरीच्या स्नायूंच्या रेट्याने वर चढतं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत. झडपा ढिल्या पडल्या की रक्त साचतं आणि शिरा फुगतात. एवढं बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे. शीर केवढी जाड दिसते आणि आजार किती पुढे गेलाय, याचा मेळ बसेलच असं नाही, हे आमच्या घरातल्याच दोन पायांवरून दिसलंय. तेव्हा लिहा: पहिली शंका कशामुळे आली, तपासणीत काय निघालं, उपचारानंतर काय उरलं? डॉक्टरांची नावं आणि गोळ्यांचे डोस कृपया नकोत.

*

दिवसभर उभ्याचं काम. संध्याकाळी पाय शिशासारखे जड, नडगीवर मोज्याचा वळ. सकाळी सगळं गायब. शीर म्हणावी अशी एकही दिसत नव्हती. घोट्याच्या आतल्या बाजूला खाज सुटायची, कातडी तपकिरी पडत चाललेली, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मलम लिहायच्या आधी उभं केलं, पोटरी चाचपली आणि डॉप्लर सोनोग्राफीला पाठवलं. ती उभ्यानेच करतात. पोटरी दाबून सोडली की पडद्यावर रक्त उलटं खाली येताना दिसतं. कातडीलगतच्या शिरांत ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप निकामी धरतात. माझं तर वाहतच राहिलं!

*

माझं नेमकं उलटं. कॉलेजपासून पोटरीवर दोरखंड. दुखणं नाही, सूज नाही. डॉप्लर झाला, चालत राहा आणि वजन सांभाळा एवढंच सांगितलं. दिसायला बरं नाही म्हणून ऑपरेशन करायची मला तरी हौस नाही.

*

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर शिरांच्या मागे लागण्याआधी रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे ते डॉक्टरांना दाखवा. अॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात. आईची गोळी डॉक्टरांनी बदलली आणि सूज उतरली. (गोळी आपल्या मनाने बंद करू नका हो.) हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्यामुळेही दोन्ही पाय सुजतात.

*

रेडिओफ्रीक्वेन्सी करून घेतली, सविस्तर लिहितो. गुडघ्याजवळून सुई घालून मांडीतल्या लांब शिरेत बारीक नळी सरकवतात. तिच्या टोकाची उष्णता १२० अंश सेल्सिअसच्या आसपास. एकेक टप्पा २० सेकंद शेकायचा, नळी मागे घ्यायची, पुढचा टप्पा. शीर आकसून बंद होते आणि रक्त इतर चांगल्या शिरांतून जातं. शेकताना काही कळलं नाही. त्याआधी शिरेभोवती बधिरीचं पाणी भरतात, त्या सुया मात्र कळतात, आणि ही गोष्ट आधी कोणीच सांगत नाही. उठून लगेच चालायला लावलं. मांडी काळीनिळी झाली, आतून तार ओढल्यासारखं वाटत राहिलं, मग ते गेलं. खालच्या उरलेल्या शिरांत नंतर फोमची (शीर बंद करणाऱ्या औषधाच्या फेसाची) इंजेक्शनं घेतली. तिथे तपकिरी रेघ अजून आहे. आणि हो, नव्या शिरा पुढे फुगू शकतात. एकदा केलं की कायमचं सुटलो, असं नाही.

*

सासऱ्यांच्या घोट्याजवळची जखम भरतच नव्हती. मलमपट्टी रोजची. शिरांच्या डॉक्टरांनी आधी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला. धमन्या अरुंद असताना पाय आवळून बांधला तर उलट नुकसान होतं, म्हणून. ते ठीक निघालं, मग थरांची घट्ट पट्टी बांधली आणि जखम भरायची वाट न बघता शीर बंद केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एव्हरा चाचणीचा त्यांनी दाखला दिला: शीर लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्यांपैकी निम्म्यांच्या ८२ दिवसांत. सासरे म्हणाले, "मग आधी कोणी बोललं का नाही?" याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

*

एक धोक्याचं. प्लास्टर निघाल्यावर माझा एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी. ती खोलवरच्या शिरेतली गुठळी होती. अशा वेळी चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी.

*

फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. उभं राहून बघत बसू नका. थांबलं तरी नंतर दाखवून घ्या.

*

गरोदरपणात शिरा फुगल्या. बाळंतपणानंतर बऱ्याच ओसरतात, म्हणून तोवर फक्त घट्ट मोजे सांगितलेत. सकाळी पलंगावरून उतरायच्या आत चढवायचे, तरच नीट बसतात. रबरी हातमोजे घालून ओढले की पकड येते. पण वरची कड मांडीवरून गुंडाळत खाली येते आणि तिथेच काचते. माप परत घ्यायचं, की गुडघ्यापर्यंतचे चालतील? कोणी बदलून पाहिलेत का?