मदत हवी आहे : बीजकागदाच्या शुभेच्छापत्रांतून रोपे उगवत नाहीत

ओटीवरून
दिवाळीसाठी बीजकागदाची, म्हणजे लगद्यात रानफुलांच्या बिया घातलेल्या हातकागदाची, शुभेच्छापत्रे करून देण्याचे काम मी घेतले आहे. पत्र वाचून झाले की ते फाडून कुंडीत पेरायचे आणि त्यातून रोपे यायची, अशी योजना आहे. कागद दिसायला उत्तम झाला आहे, त्यावर शाई पसरत नाही आणि घडीवर तो चिरतही नाही. परंतु नमुन्यादाखल पेरलेल्या पत्रांना हिरवट बुरशी धरली आणि उगवले काहीच नाही. बी खराब नाही, कारण तेच बी परसात टाकले तेव्हा उगवले. लगद्यात काय मिसळावे म्हणजे बी उगवेल, एवढेच मला हवे आहे. गणपतीपूर्वी कागद तयार झाला पाहिजे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

कतरण
बी कोणते, लगदा कशाचा, बी कोणत्या टप्प्यावर घातले आणि ताव वाळायला किती वेळ लागला, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. माझा अनुभव असा की रद्दी कागदाचा लगदा या कामाला कमी पडतो. होजिअरीच्या सुती कतरणांचा लगदा घ्या. त्याचे तंतू लांब असल्यामुळे ताव पातळ काढला तरी मजबूत राहतो आणि पातळ ताव लवकर वाळतो. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासूनची हातकागद संस्था आहे. ताव कसा काढतात आणि कसा दाबतात, हे एकदा प्रत्यक्ष पाहून यावे.

मोहरीवाला
एवढे कष्ट कशासाठी? रानफुलांचा हट्ट सोडा आणि मोहरी किंवा मेथी घाला. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, पत्र मिळालेली माणसे खूश होतात आणि पाला भाजीलाही येतो. सब्जा मात्र घालू नका, कारण त्याचे बी ओले होताच फुगून बुळबुळीत होते आणि ताव लगदा उचलायच्या जाळीला चिकटून फाटतो.

ओटीवरून
मी मोहरीबद्दल विचारलेले नाही. पत्रे रानफुलांची म्हणूनच मागितलेली आहेत. बी तेरडा, सोनकी आणि कवला यांचे असून ते आमच्याच बांधावरून गेल्या वर्षी गोळा केलेले आहे. लगदा रद्दीचा आहे. शाई फुटू नये म्हणून त्यात मैद्याची खळ आणि तुरटी घातली आहे, तशी सगळेच घालतात. आम्ही चिपळूणजवळ राहतो, त्यामुळे या दिवसांत ताव वाळायला दोन-तीन दिवस लागतात, हे सांगण्याची गरज मला वाटली नव्हती.

जाळीदार
ओटीवरून ताई, गरज त्याचीच होती. पाणी मिळताच बी ते शोषू लागते आणि एक-दोन दिवसांत आतून जागे होते. कोंब फुटू लागल्यावर कागद वाळला की ते बी मरते आणि पुन्हा कितीही भिजवले तरी उठत नाही. म्हणजे आपल्या तावातले निदान तेरड्याचे बी वाळवणीतच संपले असावे. खळीने दुसरे नुकसान केले आहे: पीठ हे बुरशीचे खाद्य आहे. शिवाय खळ घातलेला कागद पाणी उशिरा पितो आणि मातीत लवकर विरघळत नाही. बीजकागदाला खळ लावूच नये. शाई थोडी पसरली तर चालवून घ्यावे, किंवा छपाई बी नसलेल्या पातळ पट्टीवर करून ती पट्टी दोऱ्याने पत्राला बांधावी. आता एक विचारतो : परसात तिन्ही प्रकारचे बी उगवले होते का?

ओटीवरून
परसात तेरडा भरपूर आला. सोनकी थोडी आली. कवला आलेला नाही, पण तो उशिरा येईल असे मी धरून चालले होते.

रानवेडी
कवला शेंगवर्गातला आहे आणि या वर्गातल्या पुष्कळ बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही. ते बी काचकागदावर हलके घासून मग वापरा. मोहरीवाला यांच्याशी मी सहमत नाही. लोकांना रानफूल ओळखता यावे हाच या पत्राचा उपयोग आहे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे, बी कमी पडले तर बाजारातले 'रानफुलांचे मिश्रण' घेऊ नका. त्यात बहुधा कॉसमॉस असतो. मूळचा मेक्सिकोकडचा हा पिवळा-केशरी कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला इतका पसरला आहे की स्थानिक गवत-फुलांना जागा उरत नाही. कास पठारावरूनही बी आणू नये. तिथे फूल तोडायलाही बंदी आहे आणि ती योग्य आहे.

मोहरीवाला
कुंडीतल्या चार रोपांनी डोंगर व्यापला जाईल, हे मला पटत नाही. आणि दिवाळीत दिलेले रानफूल नोव्हेंबरच्या थंडीत उगवणार कसे, ते आधी सांगा. तेरडा पावसाळी आहे.

रानवेडी
कॉसमॉसचे बी कुंडीतच राहील, याची खात्री कोणी देत नाही. ऋतूचा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि तो पत्रावरच छापला पाहिजे: 'हे पत्र कोरड्या जागी जपून ठेवावे आणि मृग लागल्यावर पेरावे.' बी जिवंत असेल तर जूनपर्यंत ते थांबते. तोपर्यंत पत्र घरात राहील, त्यात काही वाईट नाही.

सातासमुद्र
माझी बहीण दरवर्षी मला अमेरिकेत दिवाळीची पत्रे पाठवते, म्हणून सुचवतो. बिया असलेले टपाल इथे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय सहसा येऊ शकत नाही, सीमाशुल्काच्या तपासणीत ते अडवले जाते. ऑस्ट्रेलियात नियम याहून कडक आहेत. ग्राहकांना तशी सूचना द्यावी.

ओटीवरून
परदेशी पत्रे जाणार नाहीत. मला फक्त एवढे सांगा की या पावसात ताव एका दिवसात वाळवायचा कसा? उन्हाची तर वाटच नाही आणि इस्त्री फिरवावी असा विचार आहे.

जाळीदार
इस्त्री मुळीच नको, त्या उष्णतेने बी भाजते. लगदा आधी पूर्ण तयार करा आणि बी मिक्सरला लावू नका, ते पात्यांनी फुटते. जाळीवर ताव उचलून सुती कापडावर उलटा टाकल्यावरच कोरडे बी वरून विखरा आणि त्यावर लगद्याचा अगदी पातळ दुसरा थर द्या. मग जुन्या सुती साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून ताव दाबा. वरचे कापड ओले झाले की बदला. दाब बेताचा असावा, नाहीतर तेरड्याचे बी चिरडते. निथळलेला ताव दोरीवर टांगून पंखा लावला तर रात्रीतून वाळायला हरकत नाही.

कतरण
लांब तंतू असतील तरच असा पातळ ताव कापडावरून अखंड सुटेल, म्हणून कतरणांचा आग्रह मी सोडणार नाही. पुढचे ताव काढण्यापूर्वी एक चाचणी करा. पेरणीपूर्वी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजतात, तशीच वाळलेल्या तावाचे तुकडे ओल्या फडक्यात ठेवून मोजा, आणि शेजारी तितकेच सुटे बी ठेवा. कवला घासलेला आणि न घासलेला असा वेगवेगळा ठेवावा. दोन्हीकडचे आकडे इथे कळवलेत तर दोष लगद्याचा की बियांचा, हे आम्हालाही सांगता येईल.